मोफत दवाखाना कायमचा चालवायचाय, शिबिर नको. बीपी-शुगरच्या पेशंटसाठी काय काय लागेल?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं एक छोटं वाचनालय आहे, ट्रस्ट रजिस्टर आहे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत. आजूबाजूला सगळी विडी आणि यंत्रमाग कामगारांची वस्ती. बायका घरी बसून विड्या वळतात, गडी लूमवर दहा-बारा तासाची पाळी करतात. दरवर्षी गणपतीत आम्ही आरोग्य शिबिर घेतो. बीपी बघतात, बोटातून रक्त काढून शुगर बघतात, चष्म्याचा नंबर काढतात, हातात चिठ्ठी देतात आणि संपलं. परवा मागची रजिस्टरं काढून बसलो तर तीच नावं आणि जवळपास तेच आकडे. आमच्या गल्लीत एक अक्का आहेत, गेल्या शिबिरात बीपी १८०/११०, त्याच्या आधीच्या शिबिरातपण तेवढंच. मधे गोळी चालू केली का विचारलं तर म्हणाल्या, केली होती की, पाकीट संपलं, डोकं दुखायचं थांबलं मग कशाला घ्यायची. सरकारी दवाखान्यात जा म्हटलं तर अख्खा दिवस जातो म्हणतात, आणि ते खरंपण आहे, हजार विड्यांवर मजुरी ठरते, वळल्या नाहीत तर त्या दिवसाचं काही नाही.

म्हणून ठरवायलोय की शिबिर बंद करून आठवड्यातून दोन संध्याकाळी कायमचा मोफत दवाखाना सुरू करायचा. एक सरकारी नोकरीतून रिटायर झालेले एमबीबीएस डॉक्टर तयार आहेत, एक लेडी डॉक्टर रविवारी सकाळी येते म्हणाल्यात. पैसे फार नाहीत, वर्गणीतून थोडे जमतील.

प्रश्न असे की परवानगी कुठली कुठली लागते, औषधं फुकट द्यायची का चिठ्ठी द्यायची, कुठल्या तपासण्या इथं करायच्या आणि कुठल्या बाहेर पाठवायच्या, आणि पेशंटकडून दहा-वीस रुपये घ्यावेत का अजिबात घेऊ नयेत? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

जनआरोग्य_डॉ

फार चांगला विचार आहे आणि तुम्ही दुखणं बरोबर पकडलंय. बीपी आणि मधुमेह हे शिबिराने बरे होणारे आजार नाहीत, ते रोजच्या गोळीचे आजार आहेत. शिबिरात फक्त कळतं की आजार आहे, आणि कळून पुढे गोळी मिळाली नाही तर कळल्याचा काय उपयोग. मी पीएसएमचा, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा माणूस आहे, आयुष्य यातच गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे कामं कमी ठेवा. ताप-खोकला-अंगदुखीची ओपीडी उघडलीत तर दोन महिन्यात रांग जिन्याखाली जाईल आणि ज्यांच्यासाठी सुरू केलं ते मागे पडतील. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, बायकांचं हिमोग्लोबिन, आणि दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवणं, एवढंच घ्या सुरुवातीला. ही साधारण सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाची यादी आहे, आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात त्यातही हेच प्रश्न असतात. म्हणजे तुमच्या वॉर्डातल्या आशांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, त्यांना कुठल्या घरात कोण आहे ते पाठ असतं.

दुसरं, बीपी नीट मोजा. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण निम्मा घोळ इथेच होतो. बाई जिना चढून धापा टाकत आली की लगेच पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री (दाताला लावायची भाजलेली तंबाखू) झालीय का विचारा. मोजताना तिच्याशी बोलायचं नाही आणि तिला बोलू द्यायचं नाही. जाड दंड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने बीपी खोटं जास्त येतं, म्हणून मोठा पट्टा आवर्जून विकत घ्या. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. हे काम डॉक्टरांनी करायची गरजच नाही, बारावी झालेली एखादी मुलगी शिकून उत्तम करते.

औषधाला ठरलेली पायरी ठेवा. २०१७ मध्ये आयसीएमआर, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेनं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचं सगळं सार म्हणजे सगळ्यांना एकच साधा प्रोटोकॉल, औषधाचा साठा कायम, आणि पेशंट महिन्याने परत आला का याची नोंद. अ‍ॅम्लोडिपिन ५ ने सुरुवात, महिन्याने १४०/९० च्या खाली आलं नाही तर टेल्मिसार्टन, अशी पुढची पायरी. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, फक्त मूल होण्याच्या वयाच्या बायकांना टेल्मिसार्टन देताना काळजी हवी, गरोदरपणात ती चालत नाही. आणि १८०/११० च्या वर असून छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एका बाजूला जोर नाही, असं काही असेल तर गोळी देत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सिव्हिलला.

मधुमेहाच्या पेशंटची चप्पल काढायला लावून पाय बघा, बोटांच्या बेचक्यातही. लूमवर तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाच्या तळव्याची संवेदना गेली असेल तर भेगेतून जखम झालेली त्याला कळत नाही आणि तीच जखम पुढे बोट कापण्यापर्यंत नेते. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणून एक साधा नायलॉनचा तंतू मिळतो, तळव्याला टेकवून विचारायचं लागतंय का. एवढंच, दोन मिनिटाचं काम.

आणि मोजायचं असेल तर किती पेशंट तपासले हे मोजू नका. महिन्याने किती परत आले आणि त्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, हे दोनच आकडे भिंतीवर लिहा.

गोळीवाला_कोल्हापूर

डॉक्टरसाहेबांनी मस्त लिहिलंय. मी फार्मासिस्ट, औषधांच्या बाजूनं सांगतो.

रजिस्टर्ड डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देत असेल तर त्याला ड्रग लायसन्स लागत नाही, औषधांच्या नियमांत शेड्यूल के मध्ये ती सूट आहे. पण काउंटर टाकून औषधविक्री सुरू केली, बाहेरच्या चिठ्ठ्यांवर द्यायला लागलात, की लायसन्स आणि रजिस्टर्ड फार्मासिस्ट दोन्ही लागणार. म्हणजे डॉक्टर बसलेले असतानाच, त्यांच्या नावानं, नोंद करून द्यायचं. डॉक्टर आले नाहीत म्हणून कार्यकर्त्यानं कपाट उघडून गोळ्या वाटल्या असं कधीच होऊ देऊ नका.

आता कळकळीनं सांगायची गोष्ट. एमआर लोकांकडून, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून आलेल्या फुकट सॅम्पलवर बीपीचे पेशंट चालवू नका ओ. या महिन्यात एका नावाची गोळी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाची, आत औषध तेच. पेशंटला वाटतं ही वेगळी ती वेगळी, दोन्ही घेतो आणि पायाला सूज आणून परत येतो. घराघरातून उरलेल्या गोळ्या गोळा करायची मोहीमपण नको, अर्ध्या कापलेल्या पट्टीवर एक्सपायरी दिसत नाही आणि ती कुठं ठेवलेली होती ते देवाला ठाऊक.

त्यापेक्षा पाच-सहाच औषधं घ्या पण जेनेरिक नावानं, शक्यतो एकाच कंपनीची, म्हणजे गोळीचा रंग आकार बदलत नाही. जनऔषधी केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन ५ ची गोळी रुपयाच्या आत पडते. म्हणजे एका माणसाचं महिन्याचं बीपीचं औषध एका वडापावच्या आसपास. हा हिशोब वर्गणी देणाऱ्यांना सांगा, लोक हॉलला पंखा देतात तसे दहा पेशंटची वर्षाची गोळी द्यायला तयार होतात. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्या. आठवड्याच्या देऊन चार चकरा मारायला लावलं तर ती अक्का पुन्हा येणार नाही.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. वरच्या मजल्यावर पत्रा असेल तर एप्रिल-मे मध्ये औषधाचं कपाट तिथं नकोच, खालच्या खोलीत ठेवा. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची डबी उघडली की झाकण लगेच घट्ट लावायचं, डबीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहायची, बहुतेक स्ट्रिप उघडल्यावर तीन महिन्यात वापरायच्या असतात, तेवढं डबीवर वाचून घ्या. दमट झालेल्या स्ट्रिपनं शुगर भलतीच येते आणि त्यावर कुणाचं तरी औषध वाढतं.

ठाणेकरीण

पैसे घ्यायचे का, यावर आमचा अनुभव सांगते. आमच्याकडे गृहसंकुलात कामाला येणाऱ्या मावश्यांसाठी असा दवाखाना चालतो, मी तिथे नोंदणीला बसते. सुरुवातीला दहा रुपये ठेवले होते, फुकटची किंमत नसते असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही आणि अजून पटत नाही. ज्यांच्याकडे दहा रुपये होते त्या येत राहिल्या, महिनाअखेरीला ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी गोळीच टाळली, आणि बीपीमध्ये नेमकं तेच नको असतं. पेटी ठेवा कोपऱ्यात, ज्याला टाकायचे तो टाकेल, कुणी बघत नाही अशा जागी ठेवा.

आणि वेळ पाळा. संध्याकाळी साडेसहा म्हटलं की साडेसहा, डॉक्टर आजारी असले तरी दार उघडं आणि बीपी मोजणारं माणूस हजर. गोळ्या त्या दिवशी मिळणार नाहीत, पण कधी मिळतील ते समोर सांगणारं कुणीतरी असतं. एकदा कुलूप दिसलं की ती बातमी वस्तीभर होते.

सिस्टर_लातूर

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, बायकांच्या बाजूचं सांगते कारण वर ते जरा कमी आलंय.

विडी वळणाऱ्या बायका तंबाखू खात नसल्या तरी दिवसभर तंबाखूच्या सुपासमोर बसतात, हात, नाक, कपडे सगळ्यात तीच. त्यामुळं खोकला असला तरी त्या सांगतच नाहीत, तंबाखूचा ठसका आहे म्हणतात. विचारायचं असं की "खोकला किती दिवसांचा? वजन कमी झालंय का? संध्याकाळी अंग गरम होतं का?" दोन आठवडे झाले असतील तर थुंकी तपासणीला पाठवा, टीबी निघाला तर औषध पूर्ण फुकट आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० चे १००० झालेत. पासबुक, आधार आणायला आधीच सांगा, नाहीतर पैसे अडकतात.

मिश्री तर विचारूच नका. तुमच्याकडे तंबाखू खाता का विचारलं की बाई नाही म्हणणार आणि ती खोटं बोलत नाही, तिच्या हिशोबात मिश्री म्हणजे दात घासणं. म्हणून वेगळं विचारायचं, "सकाळी दाताला काय लावता? दुपारी परत लावता का?" मग तोंड उघडायला लावा. बॅटरी घ्या, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, खालच्या ओठाची आतली बाजू, सगळं बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यात न भरलेली जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, यातलं काहीपण असलं की डेंटल किंवा ईएनटीला पाठवायचं आणि त्या बाईबरोबर कुणाला तरी पाठवायचं. नुसती चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी उशीखाली जाते. मिश्री सोडायची असेल त्यांना १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा सरकारी मोफत नंबर द्या, मुलींना सांगून मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.

गर्भाशयमुखाची तपासणी, व्हीआयए म्हणतात ती, तुमच्या खोलीत लगेच सुरू करू नका, त्याला टेबल, उजेड, आडोसा, शिकलेला हात लागतो. लेडी डॉक्टर रविवारी येणार आहेत ना, त्यांनी बायकांशी बोलून दहा-बारा जणींचा गट करून एका ठरलेल्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावं. एकटी बाई जात नाही, गटानं जातात. आणि बीपीची खुर्ची दारात ठेवू नका, एक पडदा लावा. हातावरच्या माराच्या खुणा बीपीचा पट्टा बांधताना दिसतात, मी लई वेळा बघितल्यात. तिथं बाईला बोलता येईल एवढी आडोशाची जागा पाहिजेच.

लोहाच्या गोळीबद्दल पण सांगते. बायका म्हणतात गोळी गरम पडते, शौचाला काळं होतं. आधीच सांगून ठेवा की काळं होणारच, घाबरायचं नाही. चहाबरोबर घ्यायची नाही, चहाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवायचं, मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना. सोबत लिंबू. एवढं समजावलं की अर्ध्याअधिक जणी गोळ्या पूर्ण करतात.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. सिस्टर, मिश्रीचा प्रश्न आम्ही आजपर्यंत चुकूनसुद्धा वेगळा विचारलेला नाही, फॉर्ममध्ये आजच घालतो. आमच्याकडं बऱ्याच घरात तेलुगू बोलतात, वयस्क बायकांना मराठी कळतं पण दुखणं त्या तेलुगूतच सांगतात, त्यामुळं नोंदणीला तेलुगू येणारी मुलगीच बसवायचं ठरवलंय.

दोन शंका अजून राहिल्यात. वापरलेल्या सुया आणि लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायच्या छोट्या सुया, यांचं काय करायचं? आणि सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट मिळतातच तर आम्ही वेगळी का द्यायची, असं आमचेच एक विश्वस्त विचारायलेत. त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही मला.

जनआरोग्य_डॉ

विश्वस्तांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि माझं मत थोडं त्यांच्या बाजूचं आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झालेत. महापालिकेच्या दवाखान्यांचे नियम वेगळे असतात, ते तिथे जाऊन विचारून घ्या. शिवाय शहरात 'आपला दवाखाना', 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या नावांचे सरकारी दवाखाने असतात, यांपैकी तुमच्या जवळ काय आहे ते बघा. बीपी-शुगरची औषधं तिथे मिळायला हवीत. तुम्ही समांतर औषधांचं दुकान थाटण्यापेक्षा त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, तुमच्याकडे मोजलेल्या पेशंटची नोंद त्यांच्याकडे झाली आणि महिन्याची गोळी तिथून तुमच्या खोलीपर्यंत आणता आली, तर त्यासारखं उत्तम काही नाही. नाही जमलं तर तुमचा साठा आहेच. पण तिथला साठा संपला की त्या अक्काची गोळी थांबते, तो खड्डा भरायला तरी दोन महिन्यांची औषधं तुमच्या कपाटात हवीत.

विडी कामगारांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण संघटनेचे वेगळे दवाखाने आहेत, ओळखपत्र असलेल्यांना तिथे उपचार मिळतात. किती जणींकडे कार्ड आहे ते नोंदणीतच विचारा, नसेल तर कार्ड काढून द्यायला मदत करणं हेही तुमच्या दवाखान्याचंच काम समजा.

घराघरात पाठपुरावा वस्तीतल्याच बाईने करावा, बाहेरच्या कार्यकर्त्याने नको. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून हेच करून दाखवलं, गावातल्या कमी शिकलेल्या, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्यसेविका केलं आणि बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची कामं त्यांच्यावर सोपवली. दोघांना १९७९ ला मॅगसेसे मिळालं. मी तिथे शिकायला गेलो होतो, एक सेविका आम्हा डॉक्टरांना समजावून सांगत होती की पेशंटला "का आला नाहीत" असं विचारायचं नाही, "गोळी कुठल्या डब्यात ठेवलीय, दाखवा" म्हणायचं. डबा उघडला की किती उरल्यात ते दिसतं आणि बाईला रागावल्यासारखंही वाटत नाही. तुमच्याकडे विड्या वळणाऱ्याच दोन-तीन जणींना हे शिकवा, थोडं मानधन द्या. फुकट राबवू नका त्यांना, त्यांचाही तास हजार विड्यांच्या मजुरीतला असतो.

खाण्याचं सांगताना सोलापूरचंच सांगा. मीठ कमी करा एवढं म्हणून काही होत नाही. शेंगाचटणीत, लोणच्यात, पापडात किती जातं ते दाखवा, माणशी दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळंच आलं. चटणी सोडा म्हणू नका, घरी कुटताना मीठ निम्मं घाला म्हणा.

सुयांचं: २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत बेड नसलेला दवाखानाही येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते, बेड नसलेल्यांना ती एकदाच घ्यायची असते, आणि शहरातला जो सामायिक कचरा उचलणारा ठेकेदार आहे त्याच्याशी करार करायचा. लॅन्सेट आणि सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. घंटागाडीत एकही लॅन्सेट जाता कामा नये, ती गाडी रिकामी करणाऱ्याच्या हाताला टोचते.

गोळीवाला_कोल्हापूर

एक राहिलं. लोक पहिल्याच आठवड्यात सुई मागणार, सलाईन मागणार, "ताकद नाही, बाटली लावा" म्हणणार. डॉक्टरांनी आणि नोंदणीच्या मुलीनं एकच उत्तर द्यायचं ठरवून घ्या. सलाईन म्हणजे मीठपाणी, बीपीवाल्याला तर ते नकोच. इथं कुणी कच खाल्ली की सगळी वस्ती सुईसाठी येते आणि गोळीवाले पेशंट तुटतात. दोन-तीन महिने कुरकुर होते, मग होत नाही.

सिस्टर_लातूर

आणि कार्ड पेशंटच्या घरी जाऊ दे, पण आकडे तुमच्या रजिस्टरमध्येपण लिहा. बायका कार्ड विसरून येतात, माहेरी जातात, पावसात भिजवतात. नावापुढं नवऱ्याचं नाव न लिहिता तिचा स्वतःचा किंवा शेजारणीचा मोबाईल नंबर लिहा. नाव एकसारखी असलेल्या चार जणी एका गल्लीत निघतात, वय आणि घराची खूण लिहून ठेवा, नाहीतर एकीची शुगर दुसरीच्या नावावर चढते.

पूर्वभागकर

लिहून घेतलं सगळं. आशाताईंना उद्याच भेटतो, वैद्यकीय अधिकाऱ्यांची वेळ मागितलीय. औषधाचं कपाट खालीच ठेवतोय, वर पत्राच आहे. मोठा बीपीचा पट्टा सोलापुरात कुठं मिळेल ते कुणाला माहीत असेल तर सांगा, दोन सर्जिकलच्या दुकानात विचारलं, दोघंही लहानच दाखवायलेत.